पॉलिश ग्रॅनाइटला हाय टॅक स्टेन्सिल हवी कशाला?

कोनशिला
सँडब्लास्टिंगची (हवेच्या दाबाने दाणे मारून कोरायच्या कामाची) स्टेन्सिल, म्हणजे अक्षरं कापून दगडावर चिकटवायची रबरी शीट, घ्यायला गेलं की विकणारा हमखास सगळ्यात चिकट, हाय टॅक रोल पुढे करतो आणि नवा दुकानदार तोच घेऊन येतो. माझं मत असं की आरशासारखं पॉलिश असलेल्या ग्रॅनाइटला आणि काचेला मध्यम पकडीची शीट पुरते. हाय टॅक खरी लागते ती लेदर किंवा फ्लेम अशा खडबडीत फिनिशला, वालुकाश्माला, घडीव काळ्या दगडाला. तिथे शीट फक्त उंचवट्यांवर टेकते, खळग्यांत हवा राहते, म्हणून गोंदाचा थर जाड आणि मऊ असावा लागतो. पॉलिशवर शीट पूर्ण बसते. तिथली जादा पकड कळते ती सोलताना: रबर फाटतं, गोंद दगडावर राहतो आणि पोरगं दुपारभर थिनरचं फडकं घेऊन बसतं.

पॉलिश दगडावरून शीट उडते असं ज्यांचं म्हणणं आहे, त्यांनी आधी दगड नीट पुसला होता का ते सांगावं. मेणावर आणि कटिंगच्या भुकटीवर कुठलाच गोंद धरत नाही.

छन्नीहातोडा
अजिबात पटलं नाही. तुम्ही थिनरचा आणि मजुरीचा हिशेब मांडलात, दगडाचा मांडलाच नाहीत. उद्घाटनाची पाटी, तारीख ठरलेली, खाली समितीच्या सगळ्यांची नावं. त्यात एका 'क'च्या पोटातला, म्हणजे अक्षराच्या आतल्या बंद जागेवरचा, शीटचा तुकडा उडाला की अख्खी पाटी बाद. ग्रॅनाइटवर खोडरबर चालत नाही. गोंद निदान निघतो तरी.

आणि आपल्या लिपीत असे तुकडे किती! क, ब, ठ, ळ सगळ्यांना पोटं. शिवाय शिरोरेघ आणि अनुस्वार यांच्यामधली बारीक पट्टी. इंचभर उंचीच्या अक्षरात हे तुकडे दोन-तीन मिलिमीटरचे. एवढ्याशा जागेत गोंद धरणार तरी किती? तिथे पकड जास्तच हवी. मी नदीची वाळू चाळून मारतो, दाब 90 पीएसआय, हाय टॅकशिवाय हात लावत नाही.

कोनशिला
मग दोष गोंदाच्या माथी का मारताय? 90 पीएसआयवर बारीक अक्षरं काढायची गरज नाही, 60च्या आसपास सावकाश खोली धरते. तुकडा उडतो तो कडेपासून. गन तिरकी धरली की दाणे कडेखाली शिरतात, काटकोनात धरली की वरून आदळून परत फिरतात.

जाडीचंही बघा. मिलिमीटरभर जाड रबराचा दोन मिलिमीटर रुंद तुकडा म्हणजे उभा खुंटच, बाजूने मार बसला की डुलतो. बारीक अक्षरांना पातळ शीट लावा, मोठ्या खोल अक्षरांना जाड. आणि हाय टॅकमध्ये अक्षर उचलताना शेजारचं पोट सोबत वर येतं, हा अनुभव तुम्हाला नाही असं म्हणू नका.

धुक्याची काच
छन्नीभाऊ, वाळू आधी बंद करा. दाणे लहानमोठे असल्याने कडा फाटतात हे एक. त्याहून मोठं म्हणजे वाळूतली सिलिका फुप्फुसात बसली की सिलिकोसिस हा आजार, त्यावर इलाज नाही. तुर्कस्तानने जीन्स घासायच्या कामात 2009 साली सँडब्लास्टिंगवर बंदी घातली ती याच आजारापायी. वाळूऐवजी ॲल्युमिनियम ऑक्साइडचे दाणे महाग पडतात, पण बंद कॅबिनेटमध्ये तेच पुन्हापुन्हा फिरतात.

आता काचेचं. दुकानात बोर्डासाठी आणलेलं ओराकल 651 व्हिनाइल (चिकट प्लास्टिक शीट) पडून असतं, तेच सगळे काचेवर मारतात. त्याचा गोंद कायमचा चिकटावा म्हणून बनवलेला, 631चा काढता यावा म्हणून. बारीक दाण्याने हलकं धुरकट काम करायचं असेल तर दुसरा बरा. गोंद उरला की तुम्ही थिनर फिरवता, विरघळलेला गोंद फ्रॉस्टच्या, म्हणजे धुरकट केलेल्या, खरखरीत भागात जिरतो आणि तिथे काच ओली असल्यासारखी दिसते. एकदा गेला की तो डाग सहज निघत नाही.

पण कोनशिला, 'काचेला मध्यम पुरते' हे सरसकट म्हणू नका. 12 मिलिमीटर काचेत टप्प्याटप्प्याने खोल फूल कोरताना एकेक पाकळी सोलत जावं लागतं आणि उरलेल्या कडा शेवटपर्यंत मार खात राहतात. तिथे मध्यम शीट हमखास उचलते. मी अशा कामाला जाड आणि चिकटच घेते. फक्त पाकळी काढल्यावर खाली गोंदाचा ठिपका राहिला नाही ना, हे उजेडात बघते. त्या ठिपक्यावरून दाणे उसळतात आणि तेवढी काच कोरी राहते.

वऱ्हाडी कंप्रेसर
तुम्ही दोघं भांडताय ते लेबलावर. रोलसोबतच्या कागदावरचा आकडा म्हणजे 25 मिलिमीटर रुंदीची पट्टी ठरलेल्या वेगाने सोलायला किती न्यूटन जोर लागला तो. चाचणी 23 अंशांना, स्वच्छ गुळगुळीत काचेवर किंवा स्टीलवर. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दगडाला हात लावता येत नाही. तिथे मध्यम शीटचा गोंदही पातळ होऊन बसतो, आणि शीट लावलेला दगड दोन दिवस उन्हात राहिला तर सोलताना गोंद दगडावरच. डिसेंबरच्या सकाळी उलटं: हाय टॅकसुद्धा कोरड्या कागदासारखी पडून राहते. त्यामुळे मी एकच मध्यम रोल ठेवतो, थंडीत दगड हीट गनने कोमट करतो आणि उन्हाळ्यात काम पहाटे उरकतो. टॅक बदलण्याआधी दगडाचं तापमान बघा भाऊ.

दमट हवा
कोकणातून लिहितो. जुलैमध्ये दगड वरून कोरडा दिसतो, आतून ओला असतो, आणि कंप्रेसरमधून पाणी येतं ते वेगळंच. ओल्यावर हाय टॅक आणि लो टॅक सारखेच. जांभ्यावर तर हाय टॅक नुसती धरतच नाही. आधी स्टेन्सिलचा पातळ गोंद ब्रशने मारून वाळू द्यावा लागतो, मग शीट. म्हणून खडबडीत दगडाला हाय टॅक पुरते हे कोनशिलांचं म्हणणंही अर्धंच.

कोनशिला
जांभा माझ्याकडे येत नाही, तेवढं तुमचं मान्य. पण पॉलिश दगडाबाबत माझं म्हणणं तसंच आहे. मध्यम शीट रोलरने दाबून रात्रभर ठेवा, गोंदाची पकड तासागणिक वाढत जाते. सकाळी ब्लास्ट करा.

छन्नीहातोडा
रात्रभर! गिऱ्हाईक सकाळी नावं पाठवतं, दुपारी दोन नावं वाढवतं आणि संध्याकाळी टेम्पो दारात. हाय टॅक टेकल्याबरोबर धरते, मी पैसे त्याचेच मोजतो. दाब उतरवून बघेन, वाळूचंही ऐकलं. गोंद बदलणार नाही.

नवशिक्या
मध्येच विचारते. प्लॉटरवर (कापायच्या मशीनवर) कापलेली लो टॅक शीट ट्रान्सफर टेपलाच, म्हणजे ती उचलून काचेवर बसवायच्या टेपलाच, चिकटून परत वर येते. म्हणजे मी हाय टॅक घ्यावी का?

कोनशिला
नको, टेप बदला. टेपची पकड खालच्या कागदापेक्षा जास्त आणि स्टेन्सिलच्या गोंदापेक्षा कमी हवी. तुमची टेप बोर्डाच्या व्हिनाइलसाठी आणलेली, जास्त चिकट असणार. कागदी, कमी पकडीची मागा. ती मिळेपर्यंत आहे तीच टेप दोन-तीनदा स्वच्छ कापडावर दाबून मग वापरा. शीट काचेवर दाबल्यावर थोडा वेळ थांबा आणि टेप वर न ओढता, पार मागे दुमडून, पृष्ठभागाला धरून सावकाश ओढा.