नाबाद ६२८ करणारा कॉलिन्स पुढे कुठे गेला?

लेगस्लिप:
२०१६ साली प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा करून जुना विक्रम मोडला, तेव्हा तो विक्रम करणाऱ्या ए. ई. जे. कॉलिन्सचं नाव पहिल्यांदा कानावर आलं. १८९९ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी नाबाद ६२८! मग काउंटी क्रिकेटमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या जिल्हा संघांच्या मोठ्या सामन्यांत, तो दिसत कसा नाही? वाया गेला का?

जुनं_स्कोअरबुक:
वाया गेला म्हणू नका हो. तो लष्करात गेला. तेव्हा काउंटीत हौशी आणि व्यावसायिक असे दोन प्रकारचे खेळाडू असत, आणि हौशी खेळाडूला सामन्याचं मानधन नसे. उन्हाळाभर तीन-तीन दिवसांचे सामने खेळायचे तर घरचा पैसा हवा, नाहीतर तेवढी सवड तरी. कॉलिन्सचा जन्म हजारीबागचा, वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये. इंग्लंडमधल्या क्लिफ्टन कॉलेज या शाळेत शिकायला आला तेव्हा आईवडील दोघंही हयात नव्हते.

ती खेळीसुद्धा शाळेतल्याच दोन हाउसच्या (विद्यार्थ्यांच्या गटांच्या) संघांमधल्या सामन्यातली, चार दुपारींत मिळून पावणेसात तासांहून जास्त चाललेली. मैदानाच्या एका बाजूची सीमा जवळ. तिच्यापार चेंडू गेला की दोनच धावा, बाकी सगळ्या पळून काढायच्या. शेवटच्या जोडीने १८३ जोडल्या, त्यात साथीदाराच्या फक्त १३! वीसेक धावा इकडेतिकडे असतील, असं स्कोअररनेच सांगितलं होतं. मी स्वतः वर्षानुवर्षं शालेय सामन्यांचं स्कोअरिंग केलंय. मुलगा पळतच सुटला की पेन्सिल मागे पडते, आणि मग बेरीज जुळवताना घाम फुटतो. त्या स्कोअररचा प्रामाणिकपणा मला फार भावतो.

गुडलेंग्थ:
हौशींना पैसे नव्हते कसे? इंग्लंडचा नामांकित हौशी खेळाडू डब्ल्यू. जी. ग्रेस, त्याने १८७३-७४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याचे दीड हजार पौंड घेतले होते.

जुनं_स्कोअरबुक:
खरंय, पण ग्रेसच्या नावावर तिकिटं खपायची. छोट्या हौशी खेळाडूला कोण विचारणार? कॉलिन्स रॉयल इंजिनिअर्समध्ये, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या अभियंता दलात, अधिकारी झाला आणि नोकरीतून जमेल तसा खेळत राहिला. लॉर्ड्सवर या दलाच्याच संघाकडून त्याने एका सामन्यात ५८ आणि ३६ धावा केल्या. मला ६२८ पेक्षा या ५८ जास्त जवळच्या वाटतात. त्या शाळकरी पोराच्या नाहीत, नोकरी सांभाळून खेळणाऱ्या माणसाच्या आहेत.

लेगस्लिप:
आणि त्यानंतर?

जुनं_स्कोअरबुक:
१९१४ च्या वसंतात लग्न झालं. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत तो मारला गेला. वय २९. मृतदेह सापडला नाही. ईप्रमधल्या मेनिन गेट या युद्धस्मारकावर नाव कोरलंय.