शार्क बेटावर तंबू नकोत

नमस्कार मंडळी,

नाताळच्या नामिबिया सहलीचं वेळापत्रक पाहिलं. ल्युडेरिट्झला एक रात्र शार्क बेटावर तंबूत काढायची, असं त्यात आहे. कळकळीची विनंती, तेवढा मुक्काम बदला.

नामिबिया तेव्हा जर्मनांची वसाहत होती आणि १९०५ ते १९०७ या काळात या बेटावर त्यांची छळछावणी होती. हेरेरो आणि नामा हे तिथले मूळ रहिवासी. दिसेल त्या हेरेरोला, हाती शस्त्र असो वा नसो, गोळी घाला, असा हुकूम जर्मन जनरल फॉन ट्रोथाने ऑक्टोबर १९०४ मध्ये काढला. ओमाहेके वाळवंटात पिटाळलेले हजारो जण पाण्यावाचून मेले. उरलेल्यांची रवानगी छावण्यांत झाली. शार्क बेटावर हेरेरो आणि नामा कैदी, बायकामुलांसकट, समुद्राच्या बोचऱ्या वाऱ्यात राहत आणि बंदराच्या कामावर राबत. नामांचे नेते कॉर्नेलियस फ्रेडरिक्स १९०७ मध्ये तिथेच गेले. मेलेल्यांच्या कवट्या 'संशोधनासाठी' जर्मनीला जात. त्याआधी कैदी बायकांना काचेच्या तुकड्यांनी त्यांवरचं मांस खरवडायला लावत. तिथे आपण शेगड्या पेटवून जेवायचं?

---

ताई, तुमचं म्हणणं पटतं. पण ती राहण्याची अधिकृत जागा आहे, सगळेच उतरतात. पैसेही भरून झालेत. आणि त्यांच्या इतिहासात आपण परक्यांनी का पडावं?

---

काका, पैसे बुडाले तर माझ्या वाट्याचे मी आधी देते.

परके म्हणाल तर आपण बर्लिनकर आहोत. आपल्या वेडिंग भागातल्या ल्युडेरिट्झ श्ट्रास या रस्त्याला २०२२ मध्ये फ्रेडरिक्स यांचं नाव मिळालं, ते इथल्याच लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला म्हणून. आता त्या बेटालगतचं बंदर वाढवायचं घाटतंय. हरित हायड्रोजनचा, म्हणजे सौर-पवन विजेवर तयार होणाऱ्या इंधनाचा प्रकल्प आहे, माल युरोपात येणार, जर्मनीतही. लंडनच्या 'फॉरेन्सिक आर्किटेक्चर' या संशोधन संस्थेने बळी गेलेल्यांच्या वंशजांसोबत अभ्यास करून बजावलंय की या कामात मृतांचे अवशेष कायमचे नष्ट होऊ शकतात. हेरेरो-नामांच्या संघटना काम थांबवा म्हणताहेत. ऊर्जा आपण वापरणार, मग ही गोष्ट आपल्याशी संबंधित नाही असं मला तरी म्हणवत नाही.

बेटावर जाऊच नका, असं मी म्हणत नाही. रस्ता थेट आत जातो. फ्रेडरिक्स यांचं स्मारक आहे, तिथे थांबू, मुलांना सगळं नीट सांगू. झोपायला गावात या. खोल्या मी बघते.

---

ठीक आहे ताई. तंबूंचं रद्द करतो. आपण एकंदर चौदा जण, त्यात दोन आजी. तळमजल्यावरच्या खोल्या मिळाल्या तर बघा.