सोयाबीनचा भाव पडलाय, पुण्यात महिना कसा काढायचा?

लातूरकर: 2024 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 होता पण आडतीवर चार हजारच्या आसपासच मिळाले, घरी पैसे मागायला जीव धजत नाही. एमएला आहे, रूम, मेस, झेरॉक्स, कसं भागवता राव?

पेठकर: मेस एकवेळचीच लाव, रात्री तिघांत मिळून कुकरला खिचडी. विद्यापीठात कमवा आणि शिका योजना आहे, तासावर पैसे मिळतात पण त्यात वरखर्च निघतो, भाडं नाही हां.

मीताई: घरात बहीण आहे का? 2024-25 पासून घरचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणवाल्या), ईडब्ल्यूएस (खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बल) मुलींना प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन फी माफ आहे, कॉलेजवाले आधी भरा म्हणाले तर सरळ भांडायचं.

लातूरकर: आहे ताई, फार्मसीला जायचंय तिला! आजच फोन करतो.