काड्यांचा पूल: मोडल्यानंतर मुलांना काय शिकवावे?

प्रश्न (शिक्षिका, इयत्ता सहावी)
आमच्या मुलांनी आइस्क्रीमच्या काड्या आणि गोंद वापरून दोन बाकांमधले 50 सेंटिमीटरचे अंतर ओलांडणारे पूल केले. मधोमध बादली टांगून तांब्याने पाणी ओतत गेलो, तेव्हा सर्वांत देखणा पूल चार लिटरलाच मोडला. तो करणारी मुलगी विचारते, "बाई, अजून काड्या चिकटवू का?" हा हस्तकलेचा तास न राहता अभियांत्रिकीचा व्हावा, यासाठी काय करावे?

प्रतिसाद (बांधकाम अभियंता)
मोडलेले तुकडे टाकू नका, खरा धडा त्यांतच आहे. मधोमध भार आला की वरच्या काड्यांवर दाब येतो आणि खालच्या काड्यांवर ताण. ओढली जाणारी काडी सहसा टिकते. दाबली जाणारी लांब काडी मात्र चिरडण्याआधीच बाजूला बाक घेते. 1907 मध्ये कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर बांधला जात असलेला क्वेबेकचा पूल असाच, दाबाखालच्या पोलादी भागांना बाक येऊन कोसळला आणि 75 कामगार दगावले. तो काठांकडून पुढे वाढवत नेला जात होता, म्हणून तिथे दाब खालच्या बाजूला होता, एवढाच फरक. त्यामुळे काड्या वाढवण्याआधी दाबाखालच्या काडीला मध्ये टेकू द्यावा आणि दोन्ही बाजूंच्या चौकटी वरून तिरप्या काड्यांनी एकमेकींना जोडाव्यात.

प्रतिसाद (पालक)
सहमत, पण हे सांगण्यापेक्षा करून पाहू द्यावे. अगरबत्तीची उरलेली काडी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर उभी धरून वरून हळूहळू दाबावी आणि बाक येताच आकडा टिपावा. मग तीच काडी निम्मी करून पुन्हा दाबावी. आकडा जवळजवळ चौपट येतो. आमच्या घरी मुलाने काटाच बिघडला म्हणून तीनदा पाहिले. शिवाय बक्षीस देताना नुसता भार न मोजता पुलाने स्वतःच्या वजनाच्या किती पट भार पेलला ते मोजावे, नाहीतर काड्यांचा ढीग रचणाराच जिंकतो.

प्रश्नकर्त्या शिक्षिका
आज तुकडे पुन्हा जुळवून पाहिले. सांधे सगळे शाबूत होते. वरची एकच काडी, दोन सांध्यांच्या बरोबर मध्ये, बाहेरच्या बाजूला फाकून मोडली होती. आता ती मुलगी विचारते आहे की बादली एका टोकाजवळ टांगली, तर आधी कोणती काडी मोडेल. सोमवारी टांगून पाहणार आहोत. त्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा, असे ठरले आहे.