टेकऑफनंतर इंजिन गेलं तर मागे वळायची उंची कशी ठरवायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, सेसना १७२ या छोट्या, एका इंजिनाच्या विमानावर उडवायला शिकतेय. सध्या सुट्टीला घरी आहे आणि एका गणितात अडकलेय. ज्यांनी विमान उडवलंय त्यांनी कृपया सांगावं.

आमचे शिकवणारे सर म्हणतात, टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर आधी नाक खाली घे आणि समोर जी जागा दिसेल तिथे उतर, मागे वळू नकोस. बॅचमधले म्हणतात, सातशे फूट उंची मिळाली असेल तर खुशाल धावपट्टीकडे मागे वळ. हा सातशेचा आकडा मला पटत नाही.

आपलंच उदाहरण घेते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार फुटांवर. मे महिन्यात पारा ४२ ला गेला की डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे गरम, विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची, पाच हजार फुटांच्या घरात जाते आणि चढाई मंदावते. समजा विमान मिनिटाला ५०० फूट चढलं, तर तेवढ्यात ते आठ हजार फूट पुढे गेलेलं असतं. म्हणजे सोळा फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. इंजिन बंद असताना ग्लाइड (नुसतं तरंगत खाली येणं) मात्र जेमतेम नऊला एक, म्हणजे एक फूट उंची गमावून नऊच फूट पुढे! मग वारा नसेल तर सातशे काय नि हजार काय, धावपट्टी गाठायची कशी?

त्यात वळण. स्टँडर्ड रेटने, म्हणजे सेकंदाला तीन अंश या नेहमीच्या गतीने वळलं तर १८० अंशांनाच पूर्ण मिनिट जातं. ४५ अंश बँक केली, म्हणजे विमान तेवढं एका बाजूला कलवलं, तर लवकर वळतं, पण उंची राखायला नाक वर धरून ठेवलं की स्टॉल स्पीड (ज्याच्या खाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत तो वेग) १९ टक्क्यांनी वाढतो. जमीन अंगावर येताना दिसते, हात आपोआप योक (विमानाचं हँडल) मागे ओढतो, रडर (शेपटीचं सुकाणू) चुकलं की एक पंख आधी पडतो. तेवढ्या उंचीवर स्पिनमधून (गरगरत खाली पडण्यातून) बाहेर यायला जागाच नसते. मला खरी भीती याची वाटते.

आकडा रोजच्या तापमानाप्रमाणे बदलायचा, की उन्हाळ्यात वळायचा विचारच सोडायचा?

प्रतिसाद:
ताई, हिशेब बरोबर आहे. आकडा पाठ करू नका, मोजा. सरांना सोबत घेऊन जमिनीपासून तीन हजार फुटांवर, चढाईच्या वेगात थ्रॉटल बंद करा, म्हणजे इंजिनाची ताकद काढून घ्या. चार सेकंद काहीच करू नका, कारण खरोखर इंजिन गेल्यावर भानावर यायला तेवढा वेळ लागतोच. मग वळा आणि किती उंची गेली ते लिहून ठेवा. वळण १८० वर संपत नाही, धावपट्टीच्या रेषेत यायला आणखी वळावं लागतं, तेही धरा. मे महिन्यात मी स्वतः समोरचं मोकळं रानच धरतो, आणि टेकऑफआधी ते मोठ्याने बोलतो.