मालवण-तारकर्ली: पाच जण, तीन रात्री, स्वस्त आणि बरी खोली कुठे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी रात्री निघायचं असं ठरलंय. मी, नवरा, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ चा आणि सासूबाई ७१. त्यांचे गुडघे दुखतात त्यामुळे जिना नको आणि कमोड हवाच, या दोन गोष्टींवर तडजोड नाही. बाकी एसी नसला तरी चालेल, टीव्ही नसला तर उत्तमच. बजेट दिवसाला अडीच हजार, फार ताणलं तर तीन. एकाच खोलीत जास्तीची गादी टाकून झोपायची आमची तयारी आहे.

कोकणकन्येची तिकिटं काढलीत, साठ दिवस आधी सकाळी आठच्या ठोक्याला बसून, तरी जातानाचीच कन्फर्म मिळाली. ती कुडाळला सकाळी सकाळी सोडणार आणि फोन केला तर जो तो म्हणतो चेक-इन बाराला, मग तोवर सासूबाई आणि किरकिरणारं पोर घेऊन कुठे बसायचं?

मुख्य प्रश्न म्हणजे मालवण गावात राहू की तारकर्ली-देवबागला? तारकर्लीला दारात समुद्र म्हणतात पण आमच्याकडे गाडी नाही, रोज रिक्षाने ये-जा केली तर खोलीत वाचवलेले पैसे तिकडेच जायचे. एमटीडीसीचं बघितलं, आमच्या तारखा फुल आहेत. मुलीने एका होमस्टेचा फोटो बघून तेच पाहिजे म्हणून हट्ट धरलाय, कारण काय तर पडवीत झोपाळा आहे.

आणि भीती वाटते ती मागच्या वर्षीच्या अनुभवामुळे. नाव घेत नाही, पण एका ठिकाणी 'सी व्ह्यू' म्हणून पूर्ण पैसे आधी भरले आणि समुद्र दिसायचा तो गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ उभं राहिलं की. गरम पाणी फक्त सात ते आठ, गादीचे रात्रीला तीनशे वेगळे, आणि चेक-आउट सकाळी नऊला हे निघायच्या आदल्या रात्री सांगितलं. तेव्हा प्लीज, स्वतः राहिलेल्यांनीच सांगा.

प्रतिसाद १
गाडी नाही ना, मग सरळ मालवणात राहा. बाजार, खानावळी, एसटी स्टँड, किल्ल्याच्या होड्या सुटतात तो धक्का, सगळं जवळजवळ. समुद्र हवा तर चिवला बीच गावातच आहे, आणि तिकडच्या गल्ल्यांत घरगुती खोल्या बऱ्याच आहेत. तारकर्ली सहा-सात किलोमीटर, एक दिवस रिक्षा ठरवून तारकर्ली आणि देवबागचा संगम दोन्ही उरकून या. किल्ल्यात आत बरंच चालणं आहे आणि होडीत चढ-उतर करावी लागते, आजींना विचारून ठरवा. कुडाळहून एसटीने आलात तर बायकांना अर्धं तिकीट, सव्वा-दीड तास धरा.

प्रतिसाद २
मी मूळचो तिकडचोच, म्हणून सांगतंय, पैसे आधी सगळे देव नकात. एका रात्रीचं टोकन द्या, बाकी खोली बघून. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ मागा, तोही दारापासून बाथरूमपर्यंत चालत काढलेला, नुसते फोटो नकोत. 'कमोड आहे का' विचारलंत तर सगळेच हो म्हणतात, 'तळमजल्याच्या खोलीत आहे का' असं विचारा. गाडी सकाळी येते म्हणून आधीच सांगितलंत तर घरगुती ठिकाणी बहुतेक जण पडवीत बसू देतात, सामान ठेवतात, आंघोळीला बाथरूमही देतात, आदल्या रात्री खोली रिकामी असली तर मग प्रश्नच नाही. आणि जेवण तिथेच सांगा, पण माशांच्या ताटाचा भाव आधी विचारून घ्या, दिवाळीत सुरमईचा काही नेम नसतो. पोरांना बांगडा द्या, गुमान खातील.

प्रतिसाद ३
जीएसटीचं पण बघा. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे, कुणी अजून १२ लावत असेल तर बिल मागा. आणि वर्षाला वीस लाखांच्या आत धंदा असलेल्या छोट्या होमस्टेला बहुधा नोंदणीच नसते, त्याने जीएसटी म्हणून वेगळे पैसे घ्यायचा संबंधच नाही.

मूळ धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. मालवणच फायनल केलं. चिवल्याजवळ एका काकूंशी बोलले, खोली तळमजल्यावर, कमोड आहे, दिवसाला २२०० आणि गादीचे पैसे नाहीत, सकाळी लवकर आलात तर चहा पिऊन पडवीत बसा म्हणाल्या. सातशे टोकन पाठवलं. व्हिडिओ मागितला तर नातवाकडून काढून घेतला, त्यात अर्धा वेळ त्यांची मांजरच दिसते पण बाथरूम नीट दिसलं.

मुलीचा तो झोपाळावाला होमस्टे मात्र देवबागला निघाला, आणि फोन केला तर कळलं की झोपाळा शेजारच्यांचा आहे. हे तिला अजून सांगितलेलं नाही.