ग्राउल आणि सिंथ: आमच्या गायकाचा इलेक्ट्रॉनिक प्रोजेक्ट, श्रोत्यांत दोन तट

कुडाळ_थ्रॅश
आमच्या डेथ मेटल बँडचा गायक स्वतंत्रपणे इलेक्ट्रॉनिक ईपी (चार-पाच गाण्यांचा छोटा अल्बम) करतोय. बँड मोडलेला नाही, हे आधीच सांगतो. टेम्पो ८७, म्हणजे ड्रम अँड बेसची अर्धी चाल. गिटार अजिबात नाही. सॉ-वेव्हचे जाड पॅड (सिंथचे लांब, सलग सूर), खाली सब-बेस (अगदी खालचा बेस), वर त्याचा नेहमीचा फॉल्स-कॉर्ड ग्राउल (घशातला खरखरीत आवाज). एक छोटा तुकडा टाकला, तर बँडचे जुने श्रोते म्हणतात, "गिटार खंय? डीजे झालो काय ह्यो?" नवीन लोक म्हणतात, "म्युझिक भारी, पण गातो काय ते कळत नाही, आणि ड्रम मिळमिळीत."

तीन गोष्टी हव्यात. ग्राउल सिंथमध्ये का बुडतो? नाव त्याचंच ठेवायचं की वेगळं? आणि त्याची खोली मालवणात, समुद्राला लागून, वर पत्रे. पावसाळ्यात सामान कसं टिकवायचं? साधा डायनॅमिक माइक, दोन इनपुटचा इंटरफेस, रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) आणि एक जुना हार्डवेअर सिंथ आहे.

खाडीकाठचा_मिक्सर
नव्या लोकांची तक्रार आधी घ्या, ती पूर्णपणे मिक्सची आहे.

ड्रम मिळमिळीत नसणार, ते मोबाइलवर ऐकूच येत नसणार. मोबाइलचा स्पीकर २०० हर्ट्झच्या खाली जवळपास काही देत नाही आणि तुमच्या किकचं सगळं वजन ५०-६० हर्ट्झला असेल. किकवर २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये टकटकीत आवाजाचा एक छोटा सॅम्पल चढवा. सब-बेसची दुसरी प्रत करून तिला सॅच्युरेशन (हलकी खरखर) द्या, १५० हर्ट्झच्या खालचं कापा आणि ती मूळ बेसखाली हळूच मिसळा. वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले सूर) ऐकू आले की खालचा सूर कान स्वतः भरून काढतो.

आता ग्राउल. त्यात ठाम सूर कमी आणि खरखर जास्त, म्हणजे ऊर्जा सगळीकडे पसरलेली. शब्द कळतात ते १ ते ४ किलोहर्ट्झमधल्या व्यंजनांवरून, आणि फिल्टर उघडा ठेवलेला सॉ-पॅड नेमका तिथेच ठाण मांडून बसतो. गिटारही त्याच जागेत असते, पण पाम-म्यूटमध्ये (तारा तळव्याने दाबून वाजवताना) फटी पडतात आणि आवाज त्यातून बाहेर येतो. पॅडला फट नसते. म्हणून आधी अरेंजमेंट बदला: गाण्याच्या ओळींवर पॅडचा लो-पास (वरचं कापणारा फिल्टर) ८०० हर्ट्झपर्यंत बंद करा, ओळ संपली की उघडा. एवढं करूनही कमी पडलं तरच पॅडवर डायनॅमिक ईक्यू लावा, त्याची साइडचेन आवाजाकडून, म्हणजे आवाज आला की तेवढाच पट्टा पॅडमध्ये दबतो. २ किलोहर्ट्झच्या आसपास ३-४ डीबी, अटॅक ५-१० मिलिसेकंद, रिलीज १२० च्या आसपास.

आवाजावर हाय-पास (खालचं कापणारा फिल्टर) १०० हर्ट्झ. कॉम्प्रेशन (मोठा आवाज दाबणं) ४:१, पण फक्त ३-४ डीबी. ग्राउल मुळातच दाबलेला असतो. आणखी १० डीबी दाबलात तर श्वास आणि पंख्याची घरघर तेवढी वर येईल. डिले (प्रतिध्वनी) टेम्पोला बांधा: ८७ ला एक ठोका ६९० मिलिसेकंद, अर्धा त्याचा ३४५, डॉटेड म्हणजे त्या अर्ध्याच्या दीडपट ५१७. रिव्हर्बला (घुमाऱ्याला) ५० मिलिसेकंद प्री-डिले, म्हणजे तेवढ्या उशिराने सुरुवात, आणि त्याच्या रिटर्नवर (परत येणाऱ्या घुमाऱ्यावर) ३०० हर्ट्झचा हाय-पास. चिखल बहुतेक वेळा तिथेच होतो.

सडा_आणि_सबवूफर (रत्नागिरी)
जुने श्रोते गिटारसाठी रडत नाहीयेत, असं माझं मत. ज्युडास प्रीस्टचा गायक रॉब हॅलफर्ड याचा 'टू' हा प्रोजेक्ट बघा, १९९८ चा अल्बम 'व्हॉयर्स'. नाइन इंच नेल्सवाल्या ट्रेंट रेझ्नरच्या नथिंग रेकॉर्ड्सवर आला होता, इंडस्ट्रियल, आणि त्यात गिटार होत्याच. जॉन फाइव्ह वाजवत होता. तरी मेटलवाले बिथरले, कारण ज्या उंच किंकाळ्यांसाठी हॅलफर्डला ऐकायचं त्या जवळपास नाहीतच. २००० साली 'रिझरेक्शन' घेऊन तो हेवी मेटलकडे परतला, २००३ ला ज्युडास प्रीस्टमध्ये.

उलट डेफ्टोन्स या मेटल बँडचा गायक चिनो मोरेनो. त्याच्या 'क्रॉसेस' या साइड प्रोजेक्टमध्ये जवळजवळ सगळं सिंथ आणि बीट, पहिली ईपी २०११ ची, अल्बम २०१४ चा. पण आवाज तोच, श्वासाळ आणि ताणलेला. डेफ्टोन्सचा श्रोता पहिल्याच ओळीला माणूस ओळखतो.

उल्व्हर बँडचा गायक क्रिस्टोफर रिग हे तिसरं टोक. १९९७ ला कच्चं ब्लॅक मेटल, २००० ला 'पर्डिशन सिटी' हा इलेक्ट्रॉनिक अल्बम, तोही त्याच नावाखाली. २०१७ पर्यंत तर चक्क सिंथ-पॉप. ज्यांना जायचं होतं ते गेले, पण हे एका साइड प्रोजेक्टपुरतं नव्हतं, अख्खा बँडच वळला. तुमचा तसा विचार नाही, तर ती वाट धरू नका.

तुमच्या गायकाने ग्राउल ठेवलाय, हे त्याच्या फायद्याचं. फक्त पुढच्या तुकड्यात आवाज पहिल्या पाच सेकंदांत आणा. अर्धा मिनिट पॅड वाजत राहिला तर मेटलवाला तोवर कमेंट लिहून मोकळा होतो.

देवगड_डूम
वेगळा नाव घेवा रे. त्याच नावार टाकलास तर जुनी मंडळी येवन शिव्या घालतली आणि नवीन लोकांका मागचा डेथ मेटल आयकान घाम फुटतलो.

कारण साधं आहे. त्याच आर्टिस्ट प्रोफाइलवर सोडलं की स्पॉटिफाय ते फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये (नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये) ढकलतं. ज्यांना ते नको तेच आधी ऐकतात आणि दहा सेकंदांत पुढे जातात. वेगळ्या नावाचं प्रोफाइल काढा, गायकाला एखाद्या गाण्यावर 'फीचर्ड' म्हणून जोडा. मग ते त्याच्या पानावर दिसेल, पण डिस्कोग्राफीत घुसणार नाही. नाव ठरवताना आधी शोधून बघा. त्याच नावाचा दुसरा कोणी असेल तर डिस्ट्रिब्युटरकडून (गाणी ॲप्सवर चढवणाऱ्या कंपनीकडून) गाणं भलत्याच्याच पानावर जाऊन बसतं आणि मग ते हलवताना नाकी नऊ येतात.

ब्लॅक मेटल बँड डार्कथ्रोनच्या फेनरिझने १९९४ मध्ये 'नेपच्यून टॉवर्स' असंच वेगळ्या नावाने काढलं. नुसते सिंथ, ड्रम नाहीत, गाणं नाही. डार्कथ्रोनला त्याचा काही त्रास झाला नाही.

जांभा_अर्थिंग (राजापूर)
सामानाचं मी सांगतो. खारी हवा पहिला घाला जॅकवर घालते, हिरवी पुटी चढते. मग पॉट (फिरवायचे नॉब) खरखरतात, मग कीबोर्डच्या की दोनदा वाजतात किंवा मुक्या होतात (खालच्या रबरी कॉन्टॅक्टवर ओलावा बसतो). जॅक आणि रबरी कॉन्टॅक्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉटना इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर. गंज काढायचा साधा स्प्रे नको, तो पॉटमधलं ग्रीस विरघळवतो आणि वर चिकट थर सोडतो.

माइक आणि इंटरफेस घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास. जेवणाच्या भांड्यात मात्र नको, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. सिंथ डब्यात मावत नसेल तर रोज तासभर चालू ठेवा, आतली ऊब ओलावा बसू देत नाही. बंद कपाट सगळ्यात वाईट, आषाढात बुरशी तिथेच धरते.

हमसाठी (स्पीकरमधल्या सततच्या गुणगुणीसाठी) आधी अर्थिंग तपासा. सड्यावरच्या जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की आणखी बिघडतं. मल्टिमीटरने न्यूट्रल ते अर्थ मोजा. २-३ व्होल्टच्या वर दिसलं तर वायरमनला बोलवा, खड्ड्यात मीठ-कोळसा आणि पाणी. हम जावा म्हणून प्लगची अर्थ पिन मोडणारे महाभाग आहेत, ते करू नका. ग्राउंड-लिफ्ट असलेला डीआय बॉक्स घ्या, तो फक्त सिग्नलच्या तारेतला अर्थ तोडतो. इन्व्हर्टर साइन-वेव्हचाच हवा, स्क्वेअर-वेव्हवर अडॅप्टर गुणगुणतात आणि ते रेकॉर्डिंगमध्ये येतं. विजा सुरू झाल्या की प्लग काढा, राउटरची केबलही. नुसता स्विच बंद करून भागत नाही.

पत्र्यावर पाऊस पडत असताना आवाज घेऊ नका. गेट (बारीक आवाज बंद करणारं) लावलात तर दोन ओळींमधला पाऊस जाईल, ओळीच्या आतला राहील, आणि ते दर वेळी चालू-बंद होताना जास्तच कानाला लागतं.

कुडाळ_थ्रॅश
नाव वेगळंच ठेवतो. एक राहिलं: त्याला ग्राउल व्होकोडरमधून (बोलण्याचे शब्द सिंथच्या सुरावर चढवणाऱ्या यंत्रातून) लाइव्ह करायचाय. जमेल?

खाडीकाठचा_मिक्सर
जमतं, अटी आहेत. सूर कॅरिअर सिंथ (शब्द ज्यावर चढतात तो) देतो, त्यामुळे ग्राउलला सूर नसला तरी अडत नाही. अडचण वेगळी: ग्राउलची पातळी सपाट, म्हणून व्होकोडरचे सगळे बँड (आवाजाचे पट्टे) सतत उघडे राहतात आणि शब्दांचा लगदा होतो. १६ ते २० बँड ठेवा आणि मूळ आवाजाचा फक्त ५ किलोहर्ट्झच्या वरचा भाग सोबत थोडा सोडा. च, स, ट त्यातून स्पष्ट येतात. म, ण, ळ गिळले जातात, म्हणून त्या अक्षरांवर संपणाऱ्या ओळी व्होकोडरवर देऊ नका. कुजबुज मात्र ग्राउलपेक्षा कितीतरी साफ येते, तीही करून बघा.

आणि स्टेजवर माइकची जाळी मुठीत धरायची सवय मोडायला सांगा. जाळी झाकली की कार्डिऑइड (फक्त समोरचं ऐकणारा) माइक चहूबाजूंनी ऐकायला लागतो. मॉनिटर आणि सब दोन्ही त्यात शिरतात आणि व्होकोडर ते इमानदारीने सुरात गाऊन दाखवतो.